ध्वनीची गाळणी

मनुष्याच्या शोधांचा इतिहास बहुधा संपादनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आज अमुक मिळविलें, उद्यां त्यांत तमुक जोडलें, परवां त्यावर आणखी एक मजला चढविला, असा त्या कथेचा ओघ असतो. परंतु कांहीं शोध असे आहेत कीं, त्यांचें सारें मर्म मिळविण्यांत नसून टाकून देण्यांत आहे. मूर्तिकार दगडांत कांहीं घालीत नाहीं. नको तेवढा दगड तो काढून टाकतो. वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतो, गृहिणी धान्य पाखडते आणि पीठ चाळते, तेव्हां त्यांच्या हातून नवें द्रव्य निर्माण होत नाहीं; तरीपण चाळण्यापूर्वींचें आणि चाळल्यानंतरचें द्रव्य एकच आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ध्वनीच्या बाबतींत हेंच काम करणारें जें साधन, त्याला इंग्रजींत फिल्टर म्हणतात. आपण त्याला गाळणी म्हणूं. आज संगणकावर चालणाऱ्या सँप्लर नांवाच्या वाद्यांत ही गाळणी पडद्यावरील एका लहानशा चकतीच्या रूपानें बसलेली असते. घरांतील तरुण मुलें ती चकती सहज फिरवितात. कोठल्याशा व्हायोलिनचा मुद्रित केलेला सूर क्षणांत मंदावतो, दाटतो किंवा उजळतो, आणि त्यांत कांहीं विशेष घडलें असें त्यांच्या मनांतही येत नाहीं. त्या चकतीच्या पाठीमागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नाहीं. मनुष्याच्या आवाजांतील जरूर तें कोणतें आणि फाजील तें कोणतें, हें कोणी ठरवावयाचें, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे. म्हणून तो एकदां नीट पाहण्यासारखा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम गाळावयाचें तें काय, याचा विचार करूं. कोणत्याही सुराला उंची असते, जोर असतो आणि तिसरा एक धर्म असतो, ज्याच्या योगानें सनईचा षड्ज, सतारीचा षड्ज आणि आईच्या गळ्यांतला षड्ज हे उंचीनें व जोरानें समान असूनही आपण डोळे मिटून निरनिराळे ओळखतों. यांपैकीं उंचीचा विचार आपल्याकडे फार सूक्ष्मपणें झाला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध करून स्वरांच्या आंदोलनांचें गणित मांडलें, आणि तेव्हांपासून श्रुतींच्या संख्येवर महाराष्ट्रांत जितका वाद झाला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शास्त्रीय प्रश्नावर झाला असेल. परंतु तिसरा जो धर्म, सुराचा गुण किंवा जाति, त्याच्या मोजमापाकडे त्या मानानें आमचें लक्ष कमी गेलें. तो गुण आम्ही कानानें ओळखीत होतों, त्याची चव घेत होतों, परंतु तो कशाचा बनलेला आहे हें विचारीत नव्हतों.

तें विचारण्याचें काम युरोपांत झालें. फ्रेंच गणिती फूर्ये यानें १८२२ च्या आपल्या उष्णताविषयक ग्रंथांत असें दाखविलें होतें कीं, पुनःपुन्हां येणारी कोणतीही वांकडीतिकडी लाट अनेक साध्या लाटांच्या बेरजेच्या रूपानें मांडतां येते. विजेच्या नियमामुळें ज्याचें नांव शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे, त्या ओमनें १८४३ मध्यें पुढचें पाऊल टाकून सांगितलें कीं, आपला कानही हेंच पृथक्करण करतो. मग १८६३ मध्यें हेल्महोल्ट्झचा स्वरसंवेदनांवरील महाग्रंथ निघाला. तारेंतून २४० आंदोलनांचा षड्ज निघतो, तेव्हां त्याबरोबर ४८०, ७२०, ९६०, १२०० अशीं दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनें असलेले उपस्वरही निघत असतात. त्यांतील कोणता किती जोरकस, यावर सुराचा गुण मुख्यतः अवलंबून असतो, असा त्याचा सिद्धांत होता. हें सिद्ध करण्यासाठीं त्यानें पोकळ गोल वापरले. प्रत्येक गोलाला एका बाजूस तोंड आणि दुसऱ्या बाजूस कानांत बसेल असें निमुळतें टोंक असे. तो गोल कानाला लावला म्हणजे भोंवतालच्या सर्व गलबल्यांतून त्या गोलाच्या मापाचा एकच उपस्वर एकदम घुमूं लागे. बाकीचे मागें राहत. तीच ध्वनीची शास्त्रशुद्ध गाळणी होय. विजेचा त्यांत लवलेश नव्हता.

हेल्महोल्ट्झचें लक्ष स्वरवर्णांकडेही गेलें. आपण ‘आ’ म्हणतों आणि तोच सूर न सोडतां ‘ई’ म्हणतों, तेव्हां कंठांतील सूर बदलत नाहीं. बदलतो तो मुखाच्या पोकळीचा आकार. ती पोकळी कांहीं उपस्वरांना उचलून धरते, कांहींना दाबते, आणि त्या निवडीलाच आपण ‘आ’ किंवा ‘ई’ म्हणतों. म्हणजे प्रत्येक मनुष्य जन्मतःच एक गाळणी घेऊन येतो आणि बोलतां बोलतां ती क्षणोक्षणीं बदलीत असतो. पुढें १९६० मध्यें स्वीडनच्या गुन्नार फांट यानें वाणीची ही उपपत्ति, उगम निराळा आणि गाळणी निराळी अशा स्पष्ट रूपांत मांडली. येथें संस्कृतज्ञ वाचकांस प्रातिशाख्यांची आठवण होईल. कंठाच्या संकोचानें नाद व विस्तारानें श्वास, आणि मग मुखांतील स्थानांवरून वर्णभेद, अशी पायरीपायरीची मांडणी आपल्या प्राचीन शिक्षाशास्त्रांत आहे, आणि ती विलक्षण अचूक आहे. परंतु त्यावरून आमच्या पूर्वजांस फिल्टर ठाऊक होता असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. त्यांनीं उच्चाराचें उत्तम वर्गीकरण केलें. उपस्वरांचें मापन केलें नाहीं. पूर्वजांचें जें खरें श्रेय, तें पुरेसें मोठें आहे. त्यांत दुसऱ्याचें मिसळण्याची जरुरी नाहीं.

गाळणीला व्यवहारांत आणलें तें मात्र संगीतानें नव्हे, टेलिफोननें. लांबच्या तारेवरून बोलणें क्षीण होतें, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभास तारेंत ठराविक अंतरांवर वेटोळीं बसविण्याची युक्ति निघाली. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनींतील जॉर्ज कॅम्पबेल याच्या ध्यानांत आलें होतें कीं, अशी तार एका मर्यादेपर्यंतचीं आंदोलनें उत्तम रीतीनें नेते. परंतु त्या मर्यादेपलीकडील आंदोलनांना ती जणूं दार लावून घेते. ही तारेची अडचण होती. कॅम्पबेलनें त्या अडचणीलाच साधन बनविलें. वेटोळें आणि विद्युत्संचायक यांची साखळी करून हवा तो पट्टा जाऊं द्यावा व नको तो अडवावा, अशीं मंडलें त्यानें योजिलीं. १९१५ मध्यें त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९१७ मध्यें त्यास पेटंट मिळालें. जर्मनींत कार्ल विली वाग्नर हाही त्याच सुमारास स्वतंत्रपणें त्याच ठिकाणीं पोंचला होता. आतां एकाच तारेवर निरनिराळ्या पट्ट्यांतून अनेक संभाषणें नेतां येऊं लागलीं. १९१८ मध्यें बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग यांच्या दरम्यान अशी योजना सुरूही झाली. गाळणीचें काम येथें डाकेच्या ऑफिसांतील टपाल निवडणाऱ्या कारकुनासारखें होतें: ज्याचें पत्र त्याच्या खान्यांत.

परंतु जितका पट्टा अरुंद, तितकीं संभाषणें अधिक, हा हिशेब एकदां लागू झाला म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. माणसाच्या आवाजांतील किती भाग नेला म्हणजे पुरे? व्यवहारानें त्याचें उत्तर दिलें कीं, सेकंदास सुमारें ३०० पासून ३४०० आंदोलनांपर्यंतचा भाग नेला म्हणजे बोलणें समजतें. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा १००-१५० आंदोलनांच्या आसपास असतो. म्हणजे टेलिफोनवर वडिलांचा आवाज ऐकतांना त्यांच्या आवाजाचा पायाच आपल्याकडे येत नव्हता; वरच्या उपस्वरांच्या अंतरावरून आपला कान तो मनांतल्या मनांत भरून काढीत होता. ‘स’ या वर्णाचा सीत्कार बहुतेक ३४०० च्या वर असल्यामुळें ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोंटाळा होई, आणि आपलें नांव सांगतांना लोकांना एकेक अक्षर फोडून सांगावें लागे. समजण्यापुरतें बोलणें आणि माणसाचा आवाज या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांच्यामधील अंतर गाळणींत राहत होतें. आजच्या नव्या जाळ्यांत हा पट्टा पुष्कळ रुंद झाला आहे. तथापि ‘किती पुरे’ हें ऐकणारानें नव्हे तर वाहून नेणारानें ठरविलें, ही गोष्ट इतिहासांत नमूद होऊन राहिली आहे.

बेल प्रयोगशाळेंतील होमर डड्ली यानें या अरुंदपणाच्या शोधांतूनच अगदीं उलट दिशेची वाट काढली. आवाजाची लाट जशीच्या तशी नेण्याऐवजीं तो दहा गाळण्यांतून दहा पट्ट्यांत विभागावा, प्रत्येक पट्ट्यांत जोर किती एवढेंच कळवावें, आणि पलीकडे तशाच दहा गाळण्यांनीं आवाज पुन्हां उभारावा, ही त्याची व्होकोडरची कल्पना होय. १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत तिचेंच एक भावंड लोकांस दाखविण्यांत आलें. त्याचें नांव व्होडर. एक तरुणी त्यापुढें बसे. मनगटाखालच्या दांडीनें ती नाद किंवा श्वास निवडी, पायानें स्वराची उंची बदली आणि बोटांनीं दहा गाळण्या उघडझांक करी. मग तें यंत्र बोले. हें वादन शिकण्यास दीर्घ अभ्यास लागे. टेलिफोनची गाळणी आवाज कमी करण्यासाठीं बसविलेली होती. येथें तीच गाळणी मनुष्याच्या बोटांखालीं येऊन वाद्य झाली. दुसऱ्या महायुद्धांत व्होकोडर गुप्त संभाषणाच्या कामीं आला, आणि १९४३ पासून वॉशिंग्टन व लंडन यांच्यामधील युद्धविषयक बोलणीं त्यावर आधारलेल्या यंत्रणेंतून होऊं लागलीं. पुढें तोच गायकांच्या हातीं गेला.

युद्धानंतर युरोपांत ध्वनिमुद्रण हेंच संगीताचें द्रव्य मानणारे लोक पुढें आले. पॅरिसमध्यें प्येर शेफर यानें १९४८ सालीं आगगाडीच्या आवाजांच्या मुद्रिकांवरून एक रचना केली. घंटेच्या ध्वनीचा आरंभीचा आघात कापून टाकला तर उरलेला नाद घंटेचा वाटतच नाहीं, हेंही त्यानें अनुभविलें. मुद्रित ध्वनीचा तुकडा घेऊन त्याचें वाद्य करावयाचें, ही सँप्लरची कल्पना येथें बीजरूपानें आहे. जर्मनींत कोलोन येथील आकाशवाणीच्या प्रयोगगृहांत १९५० नंतर दुसरा पंथ निघाला. तेथें शुद्ध साधे स्वर एकावर एक रचून किंवा सर्व आंदोलनांनीं भरलेला गोंगाट गाळून संगीत करीत. परंतु या साऱ्या कामांत गाळणीची मर्यादा हातानें एकेकदां ठरवावी लागे. वाजवितां वाजवितां ती हलविणें कठीण होतें. आणि जी वस्तु वाजवितां वाजवितां हलत नाहीं, ती वाद्य होऊं शकत नाहीं.

ही अडचण न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गांवीं सुटली. रॉबर्ट मूग यानें १९६४ मध्यें हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहवासांत आपलें संश्लेषक वाद्य, म्हणजे सिंथेसायझर, बनविण्यास आरंभ केला. आणि लौकरच त्यासाठीं ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें एकावर एक रचून एक गाळणी सिद्ध केली. तिचें पेटंट त्यास १९६९ मध्यें मिळालें. ही गाळणी खालचीं आंदोलनें जाऊं देते व वरचीं अडविते. अडविण्याचा आरंभ जेथून होतो त्या मर्यादेस कारागीर ‘कटऑफ’ म्हणतात. ही मर्यादा विजेच्या दाबानें क्षणांत वरखालीं करतां येत असे, हें तिचें पहिलें वैशिष्ट्य. मर्यादेच्या पलीकडे दर सप्तकामागें २४ डेसिबेल इतक्या उतारानें ती ध्वनि खालीं आणी, हें दुसरें. आणि तिसरें असें कीं, बाहेर पडलेला ध्वनि थोडा पुन्हां आंत सोडला म्हणजे मर्यादेजवळचे उपस्वर फुगून उठत, जणूं त्या जागीं हेल्महोल्ट्झचा एक गोल बसविला आहे. त्याला ‘रेझोनन्स’, म्हणजे अनुनाद, म्हणतात. तो फार वाढविला तर गाळणी आपण होऊनच शिटी घालूं लागे. १९६८ मध्यें वेंडी कार्लोस यांनीं या वाद्यावर बाखच्या रचना वाजवून त्यांची मुद्रिका काढली आणि प्रयोगशाळेंतील हा ध्वनि सर्वसामान्य घरांत जाऊन पोंचला.

आपल्या देशांत हें वाद्य फार उशिरां आलें, असा समज आहे. तो बरोबर नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालींच मूगचें वाद्य आलें आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्यानें तेथें ध्वनिप्रयोगगृह उभें राहिलें. मुंबईंत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टींतील वादकानें १९८२ मध्यें जपानी रोलंड कंपनीचीं छोटीं यंत्रें घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. त्यांतील टीबी-३०३ हें यंत्र मुळांत गिटारवाल्यांच्या साथीस खर्जाचे स्वर पुरविण्यासाठीं १९८१ मध्यें निघालें होतें. त्याच्या अंगीं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आणि तीव्र अनुनादाची गाळणी असे दोन गुण होते. पहिल्यांत त्या वादकाला मींड दिसली असावी, दुसऱ्यांत स्वराच्या अंतरंगांतील हालचाल. मुद्रिका तेव्हां फारशी कोणी घेतली नाहीं. पुढें त्याच यंत्राची तीच गाळणी फिरवीत शिकागोच्या तरुणांनीं १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ म्हणून जगप्रसिद्ध झालेला संगीतप्रकार काढला; मग २०१० मध्यें मुंबईची ती मुद्रिका पुन्हां निघाली तेव्हां युरोपांतील रसिक चकित झाले. आपल्या माणसाचें काम परक्यांनीं वाखाणल्यावर आपण ऐकावें, ही आमची जुनी खोड येथेंही दिसून आली.

आतां सँप्लरकडे वळूं. १९७९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें फेअरलाइट हें संगणकवाद्य निघालें, आणि १९८१ मध्यें अमेरिकेंत ई-मू कंपनीचें इम्युलेटर. यांत ध्वनि तबकडीवर किंवा फितीवर नसतो. सेकंदाला हजारों वेळां त्याची उंची मोजून तीं मापें आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलीं असतात. या मोजणीलाच नमुना घेणें म्हणतात. येथें गाळणी प्रथम दारावरच्या पहारेकऱ्याच्या रूपानें येते. नाइक्विस्टच्या १९२८ च्या आणि शॅननच्या १९४९ च्या विवेचनावरून हें ठरलेलें आहे कीं, सेकंदाला जितके नमुने घ्यावे त्यांच्या निम्म्यापर्यंतचींच आंदोलनें खरीं टिपलीं जातात. १९८२ पासून प्रचारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यांत ३०,००० आंदोलनांचा, म्हणजे कानाला ऐकूंही न येणारा, ध्वनि शिरला तर तो १४,१०० आंदोलनांचा खोटा सूर होऊन प्रकट होतो. चित्रपटांत गाडीचें चाक उलटें फिरतांना दिसतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून मोजणीपूर्वींच वरचा भाग गाळावा लागतो. मुद्रणाच्या दारांतच खऱ्याखोट्याची ही निवड झालेली असते.

परंतु दुसरी गाळणी, जी वादकाच्या हातीं असते, ती निराळ्याच गरजेंतून आली. मुद्रित स्वर प्रत्येक वेळीं तोच असतो. खरा पियानो हळू वाजविला तर त्याचा आवाज केवळ लहान होत नाहीं; त्याचे वरचे उपस्वर अधिक प्रमाणांत कमी होऊन तो मऊ होतो. सतारीची तार छेडली तर आरंभीं झळाळी असते आणि वरचे उपस्वर आधीं विरून शेवटीं मंद नाद तेवढा उरतो. सँप्लरमधील मुद्रित स्वराला हें कांहीं येत नाहीं. तो फोटोंतल्या माणसासारखा एकाच मुद्रेनें हंसत राहतो. तेव्हां पट्टी जितकी हळू दाबावी तितकी गाळणीची मर्यादा खालीं यावी, आणि स्वर सुरू झाल्यापासून काळाबरोबर ती आपोआप मिटत जावी, अशी योजना करण्यांत आली. १९८४ च्या दुसऱ्या इम्युलेटरमध्यें सारी मिळून सुमारें १७ सेकंदांची मुद्रणस्मृति होती, तरी त्याच्या प्रत्येक स्वराच्या मागें स्वतंत्र विद्युत्-गाळणी होती. त्याचें वाद्य म्हणून जें आकर्षण होतें, त्यांतील बराच वाटा या गाळण्यांचा आहे. सामग्री थोडी असली म्हणजे गृहिणीच्या हाताची कसोटी लागते, तसें हें होतें.

१९९८ मध्यें गिगासँप्लर आणि २००२ मध्यें बर्लिनचा काँटॅक्ट, अशा केवळ संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपांतील सँप्लरांनीं हीं लोखंडी यंत्रें मागें सारलीं. येथें ट्रान्झिस्टर नाहीं, वेटोळें नाहीं. गाळणी म्हणजे निवळ गणित. तें गणित मुळांत इतकें सोपें आहे कीं, शाळेंतील मुलालाही समजावें. नमुन्यांच्या आंकड्यांची रांग घ्यावी आणि प्रत्येक आंकड्यांत त्याच्या आधींचा आंकडा मिळवून निम्मा करावा. जे आंकडे सावकाश बदलतात, म्हणजे खर्जाचे स्वर, ते जवळजवळ तसेच राहतात. जे एकाआड एक उणे-अधिक होतात, म्हणजे अतिशय उंच स्वर, ते एकमेकांना खोडून शून्य होतात. झाली खर्ज जाऊं देणारी गाळणी! बेरजेऐवजीं वजाबाकी केली कीं उलट प्रकार होतो आणि वरचें राहून खालचें जातें. निघालेलें उत्तर पुन्हां पुढच्या बेरजेंत घेतलें म्हणजे उतार तीव्र होतो आणि अनुनादही साधतो. एकाच वेळीं ६४ स्वर वाजत असतील तर हा हिशेब सेकंदाला सुमारें २८ लक्ष वेळां करावा लागतो; संगणक तो निमूटपणें करतो.

गंमत अशी कीं, इतकें निर्दोष गणित हातीं आल्यावर लोकांना जुन्या शिडीच्या गाळणीची आठवण येऊं लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील स्टिल्सन आणि स्मिथ यांनीं १९९६ मध्यें मूगच्या गाळणीला आंकड्यांत कसें उतरवावें याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि २००४ मध्यें फिनलंडच्या हुओविलाइनेन यानें ट्रान्झिस्टरांच्या वक्रतेचाही त्या गणितांत समावेश केला. ट्रान्झिस्टर मोठा ध्वनि इमानानें नेत नाहीं. तो किंचित् दाबतो, वांकवितो, आणि त्यामुळें थोडे नवे उपस्वर उत्पन्न होतात. जो दोष म्हणून इंजिनियर हळहळत असतील, तोच गुण ठरला आणि गणिताला मुद्दाम अशुद्ध व्हावें लागलें. कॅम्पबेलच्या तारेपासून येथपर्यंत या इतिहासांत अडचणीचें साधन आणि दोषाचें लेणें झालेलें वारंवार दिसतें.

तरीपण चकती फिरविणारानें विवेक सोडून चालत नाहीं. समजा, गाळणीची मर्यादा १००० आंदोलनांवर स्थिर ठेवली. २४० च्या षड्जाचे पहिले चार उपस्वर त्यांतून सुखरूप जातील. ४८० च्या तारषड्जाचे दोनच. आणि ९६० च्या षड्जाचा मूळ स्वर तेवढा एकटा उरेल. म्हणजे एकच गाळणी खालीं श्रीमंती ठेवील आणि वर दारिद्र्य आणील. म्हणून स्वराबरोबर मर्यादाही चढावी अशी सोय सँप्लरमध्यें असते. पण ती किती चढावी हें यंत्र सांगत नाहीं; तें कानानेंच ठरवावें लागतें. तसेंच, गायकाचा मुद्रित ‘आ’ वेगानें वाचून सप्तकभर वर नेला तर तो बालकाचा भासतो, कारण कंठांतील सुराबरोबर मुखाची गाळणीही वर सरकते. खरा गायक वर जातांना आपलें मुख लहान करून घेत नाहीं. प्रत्येक मुद्रित ध्वनींत मुखाची, भोपळ्याची, खोलीच्या भिंतींची अशी एक जुनी गाळणी आधींच मुरलेली असते. तिच्यावर दुसरी गाळणी चढवितां येते. पहिली सोडवून घेणें सोपें नसतें.

आतां ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्याकडे येऊं. मुंबईच्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत एके काळीं पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक एकत्र बसत. त्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनीं त्या वाद्यवृंदाला शिस्त व लेखन दिलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संश्लेषक आणि सँप्लर आले आणि ती गरज झपाट्यानें घटली. व्हायोलिनवाल्यांच्या एका संचाचे स्वर एकदां मुद्रित झाले कीं, पुढें पेटीवरील एका हातानें ते वाजविलें जातात आणि गाळणी त्यांना मऊपणा, चढउतार, जिवंतपणाचा भास पुरविते. जितकी गाळणी कुशल, तितकी वादकाची उणीव कमी भासते. ज्या साधनानें टेलिफोनच्या तारेवर माणसाच्या आवाजांतील ‘फाजील’ भाग ठरविला, त्यानेंच येथें माणसालाही फाजील ठरविण्यास हातभार लावला, असें कोणी म्हटलें तर त्याला सर्वस्वी खोटें म्हणतां येणार नाहीं. यंत्राला दोष देऊन हात झटकावे, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. व्होडरपुढें बसून दीर्घ अभ्यास करणारी ती तरुणी आणि चरणजित सिंग यांनीं दाखविलें आहे कीं, त्याच साधनाला हात आणि कान मिळाले म्हणजे तें वाद्य होतें. जेथें हात आणि कान यांचा खर्च वांचविण्यासाठीं तें आणलें जातें, तेथें तें टेलिफोनची तारच राहतें.

शेवटीं एक गोष्ट निसर्गाच्या नियमानें ठरलेली आहे आणि तिच्यांत आम्हांस मोठा आधार वाटतो. गाळणी असलेलें कमी करते, असलेलें फुगविते. स्वतःच्या शिटीखेरीज आणि ट्रान्झिस्टरांच्या वक्रतेनें येणाऱ्या थोड्याशा उपस्वरांखेरीज नसलेलें आणूं शकत नाहीं. तंबोऱ्याची जवारी याच्या नेमकी उलट आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ मध्यें तंबोरा व वीणा यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, ज्या जागीं तार छेडली असतां नेहमींच्या नियमाप्रमाणें कांहीं उपस्वर निघूंच नयेत, तेथेंही या वाद्यांत ते जोरानें निघतात. घोडीच्या रुंद पृष्ठभागाला तार हलकेच स्पर्शत राहते, त्याचा हा परिणाम. मिरजेचा कारागीर घोडी घांसतो, तारेखालीं दोरा सरकवितो, कान देतो आणि पुन्हां घांसतो, तेव्हां तो ध्वनींत श्रीमंती उत्पन्न करीत असतो. बद्द तारेच्या मुद्रित स्वरावर कितीही चकत्या फिरविल्या तरी ती जवारी त्यांत उतरणार नाहीं. म्हणून सँप्लरचा उद्यांचा सर्व वैभव-विलास आज मिरजेंत घोडी घांसणाऱ्या, गोव्यांत व्हायोलिन शिकणाऱ्या आणि पहाटे खर्ज भरणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे. चाळणी कितीही बारीक असली तरी जात्यांत दाणे नसतील तर पीठ कोठून येणार? आपल्या मुलांना ती चकती फिरवूं द्यावी. त्यांना मनाई करण्यांत अर्थ नाहीं. परंतु ती फिरविण्यापूर्वीं एक खरा तंबोरा त्यांच्या कानाशीं लागलेला असावा, एवढी काळजी घरांतील वडील मंडळींनीं घेतली तर काय गाळावें आणि काय राखावें, हें त्यांचें त्यांनाच कळूं लागेल.